दोन नाकांचा नियम

ऑफिसात त्यांना सगळे नाकाडे म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या दिवशी एकदा उच्चारलं जाई आणि पुढच्या पगारापर्यंत कुणाला आठवत नसे. गंमत म्हणजे नाक दिसायला अगदी सामान्य होतं, किंचित बसकंच. रस्त्यात कुणी वळून बघावं असं त्यात काही नव्हतं. पण नदीखात्याच्या वन्यजीव शाखेत त्या नाकावाचून पान हलत नसे.

शाखा म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मॅडम, म्हणजे शाखेच्या प्रमुख. दुसरीत नाकाडे, जीपचा ड्रायव्हर, एक न लागणारं कपाट आणि भिंतीवर नदीचा लांबलचक नकाशा. खालून दिवसभर हातोडीची ठकठक आणि मधूनच टायरमधली हवा सोडल्याचा आवाज. या शाखेचं काम एकच. नदीत पाणमांजर उरलंय का, उरलं असेल तर कुठे, आणि जिथे उरलं नाही तिथे ते का उरलं नाही हे वरच्यांना न दुखावता कसं सांगायचं.

पाणमांजर हा प्राणी महालाजाळू. नाकाडेंनी उभ्या नोकरीत त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते बोटांवर मोजण्याइतक्या वेळा, आणि त्यातही बहुतेक वेळा शेपटीच. मग मोजणी करायची कशी? तर शीवरून. अहवालात 'विष्ठा' लिहायचं, बोलताना नाकाडे सरळ शी म्हणत. पाणमांजर आपली शी लपवत नाही. उलट नदीतला सगळ्यात उठून दिसणारा धोंडा शोधून त्यावरच ती करतं, दारावर नावाची पाटी लावावी तसं. इथे मी राहतो, येणाऱ्याने विचारून यावं. अडचण एवढीच, की मुंगूसही काठावर येऊन मासे खातं, भटकी मांजरंही खातात, आणि खवले-काटे मिसळलेली ती काळपट शी तिघांचीही दिसायला सख्ख्या भावंडांसारखी. फरक फक्त वासात. मुंगसाचा वास डोक्यात जातो. मांजराचा डोळ्यांना झोंबतो. आणि पाणमांजराचा... इथे नाकाडे डोळे मिटून घेत, हवेत बोटं फिरवत आणि म्हणत, "मासळीच, पण नुसती मासळी नाही. तिच्या मागे काहीतरी असतं." काय असतं ते ऐकायला समोरचा माणूस सहसा थांबलेला नसे.

शाखेत एक नियम होता. नाकाडेंच्या आधी जे गृहस्थ या कामावर होते, त्यांनी वर्षभर एका ठिकाणी पाणमांजरांचं भरलं घर असल्याची नोंद केली. वर्तमानपत्रात छापून आलं, शाळांच्या सहली निघाल्या, आणि शेवटी ते भरलं घर म्हणजे जवळच्या खानावळीतली एक लठ्ठ मांजरी निघाली. शाखेची अब्रू पार धुळीला मिळाली. तेव्हापासून ठरलं, की कुठलीही शी दोन माणसांनी आपापली हुंगायची, आणि दोघंही हो म्हणाले तरच ती पाणमांजराची. दुसऱ्या नाकासाठी दुसरा निरीक्षक मंजूर झाला होता, पण ती जागा कधी भरलीच नाही. ड्रायव्हर मात्र जीप घेऊन दर वेळी हजर असायचाच. तेव्हा त्याचंच नाक कामाला लावलं. पहिलं नाक नाकाडे, दुसरं नाक ड्रायव्हर, असं इतकी वर्षं बिनतक्रार चाललं होतं.

तक्रार होती ती घरी. नाकाडेंच्या बायकोची स्वतःची लाँड्री होती, राहत्या घराच्या खालीच. तिचंही नाक काही कमी नव्हतं. कोट हातात घेतला की तो लग्नाहून आलाय की दवाखान्यातून, हे ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे आणि गिऱ्हाईक चपापे. अशा बाईच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात शीच्या नमुन्यांच्या झाकणबंद डब्या असत, कारण ऑफिसला फ्रिज मिळायचा होता तो अजून मिळायचाच होता. डब्या कितीही घट्ट लावल्या तरी लोण्याला वास लागे. लग्न झाल्यापासून या बाईने त्या वासाबद्दल एकही चांगला शब्द काढला नव्हता. वाईट शब्द मात्र तिच्याजवळ भरपूर होते आणि ते सगळे तिने आलटून पालटून वापरले होते.

जगातला कुठला प्राणी किती धोक्यात आहे याची जी वर्गवारी असते, ती या घरात रोजच्या बोलण्यात मुरली होती. साखर निम्म्याखाली गेली की ती 'असुरक्षित', तळ दिसला की 'संकटग्रस्त'. मुलगी परगावी नोकरीला होती. ती फोनवर विचारी, बाबांचे केस सध्या कुठल्या वर्गात? आई सांगे, नामशेष, कानांजवळ तुरळक नोंदी. आणि स्वतःच्या सहनशक्तीबद्दल तिचं म्हणणं असं, की ती अतिसंकटग्रस्त असून तिला या घरात अधिवास उरलेला नाही.

तर अशा या नाकाला एकदा सर्दी झाली. साधी सर्दी, सगळ्यांना होते तशी. नाकाडेंनी वाफा घेतल्या, गोळ्या घेतल्या, आठवड्याभरात सर्दी गेली. जाताना वास घेऊन गेली.

हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आलं ते बायकोच्या. सकाळी नाकाडे स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि हातभर अंतरावर शेगडीवर दूध होतं. खाली लाँड्रीत वाफेच्या धुरात उभ्या असलेल्या बायकोला करपल्याचा वास आला म्हणून ती धावत वर आली, तर पातेल्याचा कोळसा झालेला, खोलीत धूर कोंदलेला आणि नाकाडे हवामानाचा अंदाज वाचतायत. डोळ्यांतून पाणी का येतंय हे न कळून ते मधूनमधून चष्मा तेवढा पुसत होते.

ती ओरडली नाही. तिथेच नाकाडेंना कळायला हवं होतं की प्रकरण गंभीर आहे. तिने त्यांना डोळे मिटायला लावले आणि एकेक वस्तू नाकाखाली धरायला सुरुवात केली. साबण झाला, डाग काढायचं रॉकेल झालं. नाकाडे दर वेळी विचार करून म्हणत, "जरा सौम्य आहे." शेवटी तिने त्यांचाच कालचा मोजा धरला. नाकाडे बराच वेळ हुंगून म्हणाले, "चहा?" तेव्हा ती मोजा हातात घेऊन तशीच खुर्चीवर बसली.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की वास काही आठवड्यांनी परत येईल, किंवा काही महिन्यांनी, किंवा येणार नाही. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवेत, असं बायको जिन्यात म्हणाली. सुताराचा हात मोडला तर निदान लोकांना प्लास्टर दिसतं. यांचं काय गेलंय ते आरशातही दिसत नव्हतं. त्यांनी बायकोकडून वचन घेतलं, की ही गोष्ट कुणाच्या कानावर जाता कामा नये. ती म्हणाली, लाँड्रीवालीने तोंड उघडलं तर अर्धा गाव घर सोडून जाईल, तेव्हा काळजी करू नका.

आणि नेमकं याच सुमारास वळणाचं प्रकरण निघालं.

नदी शहरात शिरते त्याच्या जरा अलीकडे तिचं एक मोठं वळण आहे. काठावर जुनी झाडं पाण्यावर वाकलेली, त्यांची मुळं उघडी पडलेली आणि मुळांखाली अंधाऱ्या पोकळ्या. ऑफिसातल्या नकाशावर या वळणापासून खालची सगळी नदी राखाडी रंगाने रंगवलेली होती. राखाडी म्हणजे नामशेष. तिथली शेवटची शी नाकाडेंनीच हुंगली होती, डोक्यावर केस असताना. पुढे दर वर्षी ते त्या वळणावर जात, धोंडे बघत आणि रिकाम्या हातांनी परत येत. नाकाडेंना त्या वळणाबद्दल जे वाटे ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण निवृत्तीआधी एकदा तरी तिथे पाणमांजर परत आल्याचं आपल्या नाकाला कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

नगरपालिकेने त्या वळणाला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत बांधायचं ठरवलं होतं. वर फिरायला रस्ता, बाकं, दिवे. यंत्रं येऊन उभी होती. तेवढ्यात रोज तिथे गळ टाकून बसणारा एक पेन्शनर शाखेत येऊन सांगून गेला, की मधल्या धोंड्यावर काहीतरी काळं काळं दिसतंय. पाणमांजर असलं तर कायद्याने वळण सोडून द्यावं लागणार होतं. नसलं तर सोमवारपासून खोदाई. प्रयोगशाळेत नमुना पाठवता येत होता, पण तिचा निकाल यायला सहा महिने लागत, आणि तोवर भिंत बांधून तिच्यावर कुणीतरी प्रेमाचे निरोपही लिहिले असते. म्हणजे निकाल द्यायचा तो नाकांनीच.

नाकाडे आणि ड्रायव्हर गेले. धोंड्यावर होती खरी. काळी, ओलसर, खवले चमकणारी. नाकाडेंनी गुडघे टेकले, नाक जवळ नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. कोरा कागद हुंगावा तसं वाटलं. पुन्हा घेतला. पुन्हा कोरा. मागे यंत्रावरचा माणूस पाय सोडून बसला होता आणि त्यांच्याकडे बघत होता.

त्या दोन श्वासांत नाकाडेंनी जो हिशेब केला तो असा. मला वास येत नाही म्हणालो तर भिंत उभी राहणार आणि इथे पाणमांजर असेलच तर त्याचं घर गेलं. आहे म्हणालो आणि मुंगूस निघालं, तर एका मुंगसाचं भलं होईल, त्यात कुणाचं काय बिघडलं? हिशेब चांगला होता. माणूस खोटं बोलायच्या आधी करतो ते सगळेच हिशेब चांगले असतात.

"आहे," नाकाडे म्हणाले. "ताजी आहे."

ड्रायव्हर वाकला आणि हुंगून म्हणाला, "आहे."

झालं. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून नकाशावरचं वळण हिरवं केलं. पेपरात बातमी आली. सायकलवाल्याने वर येऊन हात मिळवला. फक्त नगरपालिकेचा इंजिनियर खूश नव्हता. एका जनावराच्या शीपायी त्याचे आराखडे उलटेपालटे होणार होते आणि ते त्याच्या नाकाला चांगलंच झोंबलं होतं.

घरी बायको लाँड्रीतच पेपर वाचत उभी होती. इस्त्री बाजूला ठेवून तिने विचारलं, "तुम्हाला वास आला?"

नाकाडे म्हणाले, की तिथे पाणमांजर आहे असं त्यांना आतून वाटतंय.

"आतून? नाक बाहेर असतं." तिने पेपराची घडी घातली. "त्या आधीच्या गृहस्थांना तुम्ही जन्मभर हसलात. त्यांना निदान वास तरी येत होता."

एवढं बोलून ती इस्त्रीला लागली. नाकाडे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. बोलणं जिव्हारी लागलं होतं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसच्या आधी रोज वळणावर जाऊ लागले. धोंड्यापाशी गुडघे टेकायचे, मान खाली घालायची, खोल श्वास घ्यायचा, वर बघायचं, पुन्हा खाली. सकाळी फिरायला येणाऱ्यांना हा व्यायामाचा नवा प्रकार वाटला. त्यातल्या दोघांनी तो सुरूही केला आणि पाठीला फरक पडल्याचं ते नाकाडेंना आवर्जून सांगू लागले. नाकाडेंना मात्र फरक पडत नव्हता. आता त्यांना नोकरीची भीती वाटेनाशी झाली होती. वाटत होतं ते याहून वाईट होतं. जन्मभर ज्या नदीला एकच गोष्ट विचारली, आहेस का, तिने कदाचित आता उत्तर दिलं होतं, आणि ते त्यांना वाचता येत नव्हतं.

शेवटी त्यांना एक साधी गोष्ट सुचली. ड्रायव्हर होता की! त्याने स्वतंत्र हुंगून हो म्हटलं होतं. म्हणजे नियमाचं एक नाक तरी शाबूत होतं. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी त्याला विचारलं, की बाबा रे, त्या दिवशी तुला नक्की कसला वास आला?

ड्रायव्हरने जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "काका, रागावणार नसाल तर सांगतो. मला मुंगूस न् पाणमांजर पहिल्यापासून सारखंच लागतं. सगळ्यालाच डिझेलचा वास येतो. तुम्ही हो म्हणालात की मला हो असा वास येतो."

"आणि मी नाही म्हणालो की?"

"मग नाही असा येतो."

म्हणजे दोन नाकांचा नियम पहिल्यापासून एकाच नाकावर चालला होता, आणि तेही आता राहिलं नव्हतं. अख्खी शाखा, एवढी लांब नदी, आणि हुंगायला कुणीही नाही.

त्याच आठवड्यात इंजिनियरने फेरतपासणी मागितली. मॅडम, इंजिनियर, दोन्ही नाकं, सगळ्यांनी मिळून गुरुवारी दुपारी धोंड्यापाशी जमायचं ठरलं. नाकाडेंचं धाबं दणाणलं. घरी येऊन त्यांनी बायकोपुढे एक योजना मांडली. तिने सहज म्हणून फिरत फिरत तिथे यायचं, धोंड्याजवळून जायचं आणि पाणमांजर असेल तर एकदा खोकायचं, मुंगूस असेल तर दोनदा.

"आणि मला शिंक आली तर काय धराल?" बायकोने विचारलं. "जिराफ?"

तिने साफ नकार दिला. खोट्याला खोकल्याचं ठिगळ लावायला ती काही बसली नाही, म्हणाली. पण गुरुवारी दुपारी तिने लाँड्रीचं शटर खाली ओढलं, जे तिने स्वतःच्या तापातही कधी केलं नव्हतं, आणि चपला घालून नाकाडेंच्या बरोबरीने चालू लागली. तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी नुसती उभी राहीन, एवढंच ती वाटेत बोलली.

वळणावर सगळे आधीच आले होते. मॅडम डोक्यावर टोपी घालून, इंजिनियर हातात आराखड्याची गुंडाळी घेऊन, आणि ड्रायव्हर कुणाच्या नजरेला नजर न देता. धोंड्यावर नवी शी होती, आदल्याच रात्रीची असावी. इंजिनियरने हाताने वाट मोकळी करून दिली, लग्नात वऱ्हाडाला देतात तशी. नाकाडेंनी गुडघे टेकले आणि वाकले. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

नाकाडे उठले नाहीत. गुडघ्यांवर बसूनच म्हणाले, "मला वास येत नाही."

इंजिनियरचा चेहरा उजळला. "म्हणजे पाणमांजर नाही."

"तसं नाही. मला कशाचाच वास येत नाही. सर्दी झाली तेव्हापासून. त्या दिवशीही येत नव्हता. मी खोटं सांगितलं."

मॅडमनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. नकाशावर आपल्याच हाताने केलेलं ते हिरवं त्यांना आठवलं असणार. मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या आणि म्हणाल्या, की दुसरं नाक तर होतं ना? ड्रायव्हरने एकदा आभाळाकडे पाहिलं आणि डिझेलची हकिकत पहिल्यापासून सांगितली. तो सांगत होता आणि इंजिनियरचा स्वर क्षणाक्षणाला मऊ होत होता. असं होतं कधीकधी, तो मॅडमना म्हणाला, मनाला लावून घेऊ नका, सोमवारी आपण काम सुरू करू.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्या कमालीच्या चिडल्या होत्या आणि चिडल्यावर त्यांचं डोकं फार चांगलं चाले. "नियम दोन नाकांचा आहे. कुणाची नाकं ते त्यात लिहिलेलं नाही."

स्वतः मॅडमना धुळीचं वावडं, बारा महिने रुमाल नाकाला. त्यांनी आजूबाजूला बघितलं तर तिथे शाखेची सोडून दोनच माणसं होती. एक नाकाडेंची बायको आणि दुसरा इंजिनियर. बायकोवर आक्षेप घेण्यासाठी इंजिनियरने तोंड उघडलं, तर मॅडम म्हणाल्या की म्हणूनच दुसरं नाक तुमचं. तो म्हणाला, मी स्थापत्य अभियंता आहे. मॅडम म्हणाल्या, नाक आहे ना?

जीपमध्ये नेहमीच्या दोन डब्या होत्या, नाकाला आठवण राहावी म्हणून ठेवलेल्या. एकीत वरच्या अभयारण्यातल्या पाणमांजराची, दुसरीत मुंगसाची. मॅडमनी झाकणांवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, सगळ्यांकडे पाठ करून तळांवर खुणा केल्या, डब्या इकडच्या तिकडे केल्या आणि त्या धोंड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला ठेवल्या. दोन्ही डब्या हुंगायच्या, धोंडा हुंगायचा, आणि धोंड्यावरची शी कुठल्या डबीशी जुळते ते मॅडमच्या कानात सांगायचं. बाकीच्यांनी झाडाकडे तोंड करून उभं राहायचं. कुठली डबी कुणाची, हे फक्त मॅडमना ठाऊक.

पहिली बायको गेली. पदर कमरेला खोचून वाकली, डावी डबी, उजवी डबी, धोंडा, आणि पुन्हा एकदा धोंडा. मॅडमच्या कानात काहीतरी बोलली आणि बाजूला झाली.

मग इंजिनियर. त्याने आराखडे ड्रायव्हरच्या हातात दिले, पँट गुडघ्यांवर वर ओढली आणि डावी डबी उघडून असा आवाज काढला की ड्रायव्हरने त्याच्यासाठी पाणी आणलं. उजवी डबी उघडून तो दोन पावलं मागे सरकला. त्याने हळूच विचारलं, "यातली चांगली कुठली?"

"चांगली कुठलीच नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. "नुसतं जुळतंय का सांगा."

बिचाऱ्याला लबाडी करायची असती तरी कशी करणार? कुठलं उत्तर आपल्या फायद्याचं हेच त्याला कळत नव्हतं. शेवटी तो धोंड्यावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग परत डाव्या डबीकडे गेला, परत धोंड्याकडे आला. माणूस मुळात कामाला चोख होता. सिमेंटही तो असंच तपासत असणार. सगळं झाल्यावर मॅडमच्या कानात पुटपुटला आणि रुमालाने मिशी पुसू लागला.

नाकाडे झाडाकडे तोंड करून उभे होते.

मॅडम म्हणाल्या, "दोघंही म्हणतात, डावी." त्यांनी डावी डबी उचलली, उलटी केली आणि तळाची खूण सगळ्यांना दाखवली. डबी पाणमांजराची होती.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. ड्रायव्हर नुसता खाली बसला. इंजिनियरने आराखडे परत घेतले, एकदा वळणाकडे आणि एकदा कागदाकडे बघितलं, आणि भिंत झाडांच्या अलीकडे संपवावी लागेल, रस्ता वरून फिरवावा लागेल, असं स्वतःशीच बोलत यंत्राकडे गेला. जाताना मॅडमना विचारून गेला, हा वास मिशीतून जातो का? मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की लवकर जात नाही.

मग त्या नाकाडेंकडे आल्या. म्हणाल्या, "नाकाडेकाका, मी तुमच्यावर रागावलेय. पाणमांजर निघालं म्हणून राग गेला असं समजू नका. उद्यापासून हुंगायचं काम तुमच्याकडे नाही." नाकाडे म्हणाले, बरोबर आहे. त्यांना ते खरंच बरोबर वाटत होतं. मॅडम दोन पावलं गेल्या आणि मागे वळून नाकाडेंच्या बायकोला म्हणाल्या, की दुसऱ्या निरीक्षकाची जागा अजून रिकामी आहे. बायको म्हणाली, माझ्याकडे आधीच एक लाँड्री आहे.

सगळे जीपकडे गेले. नाकाडे मात्र धोंड्यापाशी जाऊन उकिडवे बसले. आलं होतं. इतक्या वर्षांनी त्यांच्या वळणावर पाणमांजर राहायला आलं होतं, पाटीही लावून मोकळं झालं होतं, आणि सगळ्या जगाला ती वाचता आली, अगदी इंजिनियरलासुद्धा. डोळे भरून आले तसा त्यांनी चष्मा काढला.

बायको शेजारी येऊन बसली. चपला चिखलात रुतल्या, त्या तिने तशाच राहू दिल्या.

"कसा आहे गं?" त्यांनी विचारलं.

तिने वाकून एक श्वास घेतला. तिला घाईघाईने काहीतरी सांगायचं नव्हतं. "मासळीचाच आहे," ती म्हणाली. "पण मासळीबाजार धुऊन झाल्यावर येतो तसा. आणि त्याच्या मागून काहीतरी येतं. गोडसर. उन्हात वाळलेलं गवत असतं ना, काहीसं तसं. मग परत मासळी."

नाकाडे डोळे मिटून ऐकत होते. "आणि?"

"आणि काय. वाईट नाहीये." हे बोलताना ती पाण्याकडे बघत होती. मग तिने पदर सावरला, एक हात धोंड्यावर टेकवला आणि पुन्हा खाली वाकली.

"थांबा, अजून एकदा घेते," ती म्हणाली. "नीट सांगते."